अधीक्षक मॅडम, तुमच्या शेऱ्यांबद्दल आभार

आदरणीय अधीक्षक मॅडम,
सप्रेम नमस्कार.

या महिनाअखेर तुम्ही नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होताय. निरोप समारंभ होईल, शाल-श्रीफळ होईल, भाषणं होतील आणि भाषणांत 'मनमिळाऊ', 'शिस्तप्रिय', 'कर्तव्यदक्ष' हे शब्द येतील. हे शब्द प्रत्येकाच्याच निरोपाला येतात. तुम्ही शाखेत नेमकं काय केलंत, ते त्यातून कुणालाच कळणार नाही. म्हणून कर्मचाऱ्यांच्या सेवेचे, रजेचे, पगाराचे कागद सांभाळणाऱ्या आपल्या आस्थापना शाखेच्या सगळ्या टेबलांनी मिळून हे पत्र जाहीरपणे लिहायचं ठरवलं. उद्या कुठल्यातरी तालुक्यात, जिल्ह्यात कुणी पहिल्यांदाच शाखेचा कारभार हाती घेईल. त्याला यातलं काही उचलावंसं वाटलं, तर तेही तुमच्याच खात्यात जमा.

पहिले आभार तुमच्या शेऱ्यांचे.

टिपणी म्हणजे लिपिकाने प्रकरण वरिष्ठांपुढे मांडणारा कागद. त्याला डावीकडे रुंद समास सोडतात, तो वरिष्ठांच्या शेऱ्यासाठी. बहुतेक कार्यालयांत त्या समासात दोनच शब्द उमटतात: 'चर्चा करावी'. मग लिपिक फाईल काखेत मारून केबिनबाहेर उभा राहतो. आज साहेब व्हिडिओ बैठकीत, उद्या दौऱ्यावर. परवा चर्चा होते ती दाराच्या उंबऱ्यात, दीड मिनिट. लिपिक 'चर्चेप्रमाणे पुनश्च सादर' असं लिहितो आणि फाईल वर जाते. पण चर्चेत काय ठरलं, ते कागदावर कुठेच नसतं. दोन वर्षांनी लेखापरीक्षणात तेच प्रकरण निघालं की त्या 'चर्चेप्रमाणे'ला धनी उरत नाही. ज्याने टिपणी मांडली त्याच्याच गळ्यात ते येतं.

तुमचा शेरा कसा असायचा, ते इथे लिहून ठेवतो: 'वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलेले नाही. नामंजूर करू नये. त्रुटीपत्र द्यावे, 8 दिवसांची मुदत द्यावी. पत्र उद्या दुपारपर्यंत सहीस ठेवावे.' खाली पूर्ण सही, खाली तारीख. नुसता आडवा फराटा कधीच नाही. चार छोट्या वाक्यांत निर्णय, त्याचं कारण, पुढचं काम आणि त्याची वेळ एवढं सगळं बसलेलं असायचं. फाईल परत आली की लिपिकाला कुणाला काही विचारावं लागत नसे. चर्चा खरंच लागणार असेल तर तुम्ही स्वतः टेबलाशी यायचात, खुर्ची ओढून बसायचात आणि उठायच्या आधी टिपणीवर तुमच्या अक्षरात लिहायचात: 'चर्चा केली. पुढीलप्रमाणे ठरले.' त्या दोन वाक्यांनी किती लिपिकांची मान मोकळी राहिली, याची मोजदाद नाही.

पेन्सिल आणि पेन यांची तुम्ही केलेली वाटणीही इथे सांगायला हवी. टिपणीतली भाषा, आकडा, चुकलेला पृष्ठसंदर्भ पेन्सिलीने; निर्णय मात्र पेनाने. पेन्सिलीच्या खुणा पाहून लिपिकाने दुरुस्ती करायची, खुणा पुसायच्या आणि स्वच्छ टिपणी सादर करायची. चूक दाखवलीही जायची आणि कायमच्या कागदावर लिपिकाचा पाणउताराही व्हायचा नाही. लाल पेनाने अर्धं पान खोडून फाईल परत धाडणारे अधिकारी सगळ्यांनी पाहिले आहेत. तो लाल रंग पुढे 'अ' वर्गाच्या अभिलेखात कायमचा राहतो.

टिपणीचे पाच टप्पे तुम्ही प्रत्येक नव्या लिपिकाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेत: विषय, वस्तुस्थिती, लागू नियम, शाखेचा अभिप्राय आणि कोणता आदेश हवा ते. यातला चौथा टप्पा सगळीकडे गळतो. लिपिक वस्तुस्थिती लिहितो, नियम उतरवतो आणि 'आदेशार्थ सादर' म्हणून मोकळा होतो. तुम्ही तिथे पेन्सिलीने लिहायचात, 'तुमचे मत?' कनिष्ठ लिपिकालाही मत असतं आणि ते फाईलवर यायला हवं, हे त्या दोन शब्दांनी जितकं पटलं तितकं कुठल्याही प्रशिक्षणाने पटलं नाही. मत पटलं नाही तर तुम्ही वेगळा निर्णय लिहायचात, कारणासह. पण लिपिकाची टिपणी बदलून आणायला कधी सांगितलं नाहीत. आपल्याला हवं ते खालच्याच्या हाताने लिहून घ्यायचं आणि आपण फक्त 'सहमत' लिहायचं, ही वाईट वरिष्ठाची सगळ्यात पक्की खूण. टिपणी बदलायला लावणारा अधिकारी कितीही गोड बोलत असला, तरी त्याच्या हाताखाली माणसं घाबरूनच काम करतात.

सोमवारचा आढावा. साडेदहाला, उभ्या-उभ्या, वीस मिनिटं. प्रत्येक टेबलाने कार्यविवरण नोंदवहीतले चार आकडे सांगायचे: आरंभीची शिल्लक, आवक, निकाली, अखेरची शिल्लक. वरवर साधं दिसतं. पण 'निकाली' या रकान्यात कार्यालयांची सगळी हातचलाखी चालते. कुणाला तरी माहिती मागवणारं पत्र धाडलं की प्रकरण निकाली दाखवायचं, उत्तर आलं की पुन्हा नवी आवक. कागद तोच, आकडे मात्र सुंदर. तुम्ही पहिल्याच महिन्यात तो रस्ता बंद केलात. उत्तराची वाट पाहत असलेलं प्रकरण प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात, वर स्मरणपत्राची तारीख लिहून. अर्जदाराच्या हातात शेवटचं उत्तर पडलं, तरच निकाली. अँडरसन मॅन्युअल या जुन्या कार्यालयीन पुस्तिकेपासून चालत आलेली सहा गठ्ठे पद्धत सगळ्यांना पाठ असते: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात धाडायचे कागद आणि नष्ट करायचे 'ड' कागद. दफ्तर तपासणीच्या आदल्या रात्री ते गठ्ठे घाईघाईने बांधले जातात, हेही सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या शाखेत ते रोज संध्याकाळी बांधलेले असायचे, कारण सव्वासहाला निघण्याआधी टेबलावर एकही सुटा कागद ठेवायचा नाही, हा तुमचा नियम तुम्ही स्वतःच्या टेबलालाही लावलात. (पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांत बांधलेले असत. बांधून ठेवलेला कागद टिकतो, हे आपल्याकडे कुणी नव्याने सांगायला नको.)

2005 चा बदल्यांचा कायदा प्रत्येक कर्मचाऱ्याला माहीत असतो, कारण तीन वर्षं झाली की सगळे तोच उघडतात. त्याच कायद्यात विलंबाला प्रतिबंध करणारा भागही आहे: कुठल्याही टेबलावर फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, तातडीची चार दिवसांत, अत्यंत तातडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. हे सात दिवस तुम्ही आधी स्वतःला लावलेत. वरिष्ठांच्याच टेबलावर फाईल वीस दिवस पडून असेल, तर त्याने खालच्याला 'विलंबाचा खुलासा सादर करावा' म्हणणं शोभत नाही.

माहिती अधिकाराच्या अर्जांचंही असंच. कायद्यातले 30 दिवस अर्ज टपालात आल्यापासून धरायचे असतात. बहुतेक ठिकाणी ते लिपिकाच्या टेबलावर अर्ज आल्यापासून मोजतात, आणि बारनिशीपासून, म्हणजे आवक-जावक टपालाच्या नोंदीपासून, टेबलापर्यंतच्या प्रवासात आठ-नऊ दिवस सहज जातात. विषय आपल्याकडचा नसेल तर हस्तांतराची मुदत फक्त 5 दिवसांची, ती तर वाटेतच संपते. तुम्ही टपाल बघतानाच अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात शेवटची तारीख ठळक लिहायचात. एवढी एक तारीख. दिवसाला 250 आणि कमाल 25,000 रुपयांचा दंड जन माहिती अधिकाऱ्याच्या खिशातून जातो, आणि त्याची सुरुवात बारनिशीतल्या आळसातून होते.

आता सेवापुस्तकं. इथे थोडं थांबायला हवं, कारण माणसाची अख्खी नोकरी त्या एका पुस्तकात असते आणि बहुतेकांना ते निवृत्तीच्या वर्षीच बघायला मिळतं.

दर एप्रिलमध्ये तुम्ही शाखेला रोज पाच सेवापुस्तकं काढायला लावायचात. आधीच्या वर्षाची सेवा पडताळणीची नोंद आहे का, वेतनवाढीची नोंद आणि प्रत्यक्ष पगार जुळतात का, रजेचा हिशेब पूर्ण आहे का, नामनिर्देशन (आपल्यामागे पैसे कुणाला मिळावेत ते नाव) कुणाचं आहे, एवढं बघायचं. रजेच्या पानावर 1 जानेवारी आणि 1 जुलैला 15-15 दिवस अर्जित रजा जमा करायची असते. ती वर्षानुवर्षं जमाच केलेली नसते आणि शेवटी 300 दिवसांच्या शिल्लक रजेच्या रोखीकरणाचा हिशेब जुळेनासा होतो. नामनिर्देशनाची गोष्ट त्याहून गंभीर. बावीसाव्या वर्षी नोकरीला लागताना आईचं नाव दिलेलं असतं. मग लग्न होतं, मुलं होतात, आई जाते. पुस्तकात मात्र तेच पान. माणूस अचानक गेला की त्याची बायको वारस दाखल्यासाठी दारोदार फिरते. तुम्ही लग्नाचे पेढे घेतानाच नामनिर्देशनाचा कोरा नमुना हातात द्यायचात. पेढा खाऊन होईपर्यंत तो भरूनही व्हायचा.

आणि वेतननिश्चिती. सातव्या वेतन आयोगाचे नियम 30 जानेवारी 2019 ला आले, ते 1 जानेवारी 2016 पासून लागू. तीन वर्षं मागे जाऊन प्रत्येकाचा पगार नव्याने बसवायचा होता. ज्यांची मधल्या काळात पदोन्नती झाली, त्यांचे विकल्प (नवा पगार कोणत्या तारखेपासून बसवायचा ते कळवणारे) सेवापुस्तकात चिकटवलेले नसतील तर तिथेच घोळ होतो. वेतन पडताळणी पथकाकडे पुस्तक वर्षानुवर्षं गेलं नाही, तर ही चूक निवृत्तीच्या तोंडावर उघड होते आणि वसुली निघते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये रफीक मसीह प्रकरणात वर्ग 3 आणि वर्ग 4 च्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करता येणार नाही असं सांगितलं. तरी ते पटवून द्यायला म्हाताऱ्या माणसाला अर्ज करत बसावं लागतं. चूक कार्यालयाची, चकरा त्याच्या. तुम्ही म्हणायचात, पुस्तक वेळेत पडताळून घेणं हीच खरी कर्मचारी कल्याण योजना. हे वाक्य तुमचं आहे आणि आम्ही ते जपून ठेवलं आहे.

फेब्रुवारीच्या पगाराबद्दलही आभार. वर्षाचा सगळा आयकर फेब्रुवारीत कापायचा आणि लोकांच्या हातात निम्मा पगार ठेवायचा, ही जुनी रीत. तुम्ही एप्रिलमध्येच गुंतवणुकीचं घोषणापत्र भरून घ्यायचात, अंदाजे कराचे बारा हप्ते पाडायचात आणि डिसेंबरात एकदा फेरहिशेब. 'या महिन्यात दूधवाल्याला काय सांगू' हा दर फेब्रुवारीचा विनोद आपल्या शाखेतून बंद झाला, आणि त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

विनोदाचा विषय निघालाच आहे, तर त्याबद्दल मनापासून बोलू.

सरकारी मराठी हा जेवणाच्या सुट्टीतला आपला हक्काचा खेळ. डबे उघडले की 'लोणचे पुढील कार्यवाहीसाठी अग्रेषित'. कुणाच्या डब्यात भाजी संपली की 'भाजी: निरंक'. पोळी मागून मिळाली नाही की 'स्मरणपत्र क्र. 2'. भाकरीचा दुसरा तुकडा म्हणजे 'दुय्यम प्रत'. चहाला उशीर झाला की 'विलंबाचा खुलासा सादर करावा'. या खेळात तुम्ही नेहमी होतात. आमटीत मीठ कमी पडलं तर 'त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावे' हा शेरा तुमचाच. बाहेरच्या माणसाला हे पोरकट वाटेल. पण दिवसभर ज्या शब्दांच्या ओझ्याखाली माणूस वावरतो, त्याच शब्दांना डब्याशेजारी बसवलं की ते हलके होतात. दुपारी अडीचला पुन्हा 'निरंक' अहवाल टाईप करताना बोटं जड होत नाहीत.

हा विनोद चालतो, कारण तो कुणा माणसावर नसतो. तुम्ही ही रेघ फार नेमकी सांभाळलीत. कुणाच्या बोलीवर, रंगावर, अंगकाठीवर, जातीवर, गावावर विनोद झाला की तुम्ही हसायचा नाहीत, रागवायचाही नाहीत. शांतपणे म्हणायचात, 'नीट ऐकू आलं नाही, परत सांगता का?' असला विनोद दुसऱ्यांदा सांगता येत नाही. सांगणारा गप्प बसायचा, आणि ज्याच्यावर तो होता त्याला कळायचं की आपल्या बाजूने कुणीतरी आहे. नव्याने रुजू झालेल्या मुलीसमोर सूचक बोलणाऱ्याला तर तुम्ही तिथल्या तिथे थांबवायचात. अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर सूचना फलकावर नेहमी ताजे असायचे. 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात ही समिती हवी. अनेक फलकांवर अजून निवृत्त झालेल्या बाईंचं नाव अध्यक्ष म्हणून झळकत असतं.

शिपाईभाऊंना तुम्ही कधी घंटी वाजवून बोलावलं नाहीत. नाव घेऊन, 'भाऊ' लावून हाक. चहा सगळ्यांना मिळाल्यावर शेवटचा कप त्यांच्यासाठी न राहता पहिल्या फेरीतच त्यांचा कप असायचा. हे लिहायला फार लहान आहे. पण शाखा कशी आहे हे नवा माणूस तिथूनच ओळखतो.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुम्ही तीन नियम घातलेत. 'ओके मॅडम' लिहायचं नाही. काम होणार नसेल तरच लिहायचं. नाहीतर एका सूचनेखाली चाळीस 'ओके' जमतात आणि खरी अडचण सांगणारा एक निरोप त्यात बुडून जातो. दुसरा, सव्वासहानंतर सूचना नाही. अधिवेशनाच्या काळात आमदारांचा तारांकित प्रश्न आला तर थेट फोन, कारण तिथे खरोखर तासांचा हिशेब असतो. आणि तिसरा, ग्रुपवर दिलेला कुठलाही आदेश दुसऱ्या दिवशी कागदावर. तोंडी आदेश आणि ग्रुपवरचा आदेश, दोन्ही वेळ आली की हवेत विरतात.

रजेबद्दल. किरकोळ रजा वर्षाला 8 दिवस, आणि ती मागताना माणसाने चोरासारखा चेहरा करायचा, असं वातावरण बऱ्याच ठिकाणी असतं. तुम्ही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भिंतीवर तक्ता लावायचात. गणपती, दिवाळी, मे महिना यांत कोण कधी जाणार ते आधीच ठरायचं. प्रत्येक टेबलाला जोडटेबल, आणि जाण्याआधी एक पानी नोंद: काय प्रलंबित आहे, कोणत्या तारखा येतायत, किल्ली कुणाकडे. सेवार्थ या पगाराच्या संगणक प्रणालीचा पासवर्ड मात्र त्या पानावर नाही, कुणाच्याच नाही. आजारपणात 'कोणता आजार' हे तुम्ही सगळ्यांसमोर कधी विचारलं नाहीत.

रागावायचात तुम्हीही. दार लावून, समोरासमोर, फाईल उघडी ठेवून, आणि फक्त त्या फाईलबद्दल. शाबासकी मात्र सोमवारच्या आढाव्यात, सगळ्यांदेखत. साहेबांच्या बैठकीत शाखेची चूक निघाली की 'शाखेकडून' न म्हणता 'माझ्याकडून राहिलं' म्हणायचात, परत येऊन ज्याची चूक त्याला दार लावून सांगायचात. याच एका सवयीमुळे आपल्या शाखेत चुका लपवल्या गेल्या नाहीत. चूक त्याच दिवशी कळली तर एका शुद्धिपत्रकात भागतं, सहा महिन्यांनी कळली तर चौकशी लागते.

गोपनीय अहवालातही तुम्ही हेच केलंत. देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. तुम्ही त्याही पुढे गेलात. ज्याला कमी प्रतवारी द्यायची वेळ येईल असं वाटायचं, त्याला ऑक्टोबरमध्येच बोलावून सांगायचात, काय कमी पडतंय आणि मार्चपर्यंत काय करता येईल. 31 मार्चनंतर कुणालाही धक्का बसला नाही.

आता तुमच्या प्रकरणाबद्दल, कारण तुम्ही स्वतः विचारणार नाही.

निवृत्तिवेतनाचं प्रकरण सहा महिन्यांपूर्वीच महालेखापाल कार्यालयाला गेलं आहे. त्याआधी सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडून तपासून आणलं, आक्षेप निरंक. रजेच्या पानावर 300 दिवस पूर्ण आहेत, रोखीकरणाचं देयक तयार आहे. गटविमा आणि भविष्य निर्वाह निधीच्या अंतिम प्रदानाचे अर्ज तुमच्या सहीसाठी डाव्या ड्रॉवरमध्ये ठेवले आहेत. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली आहे. ना-देय आणि ना-चौकशी प्रमाणपत्रं जोडली आहेत. शेवटच्या सेवा पडताळणीची नोंद तुमच्या कार्यमुक्तीच्या दिवशी होईल, तेवढीच एक बाकी आहे.

दुय्यम सेवापुस्तक अद्ययावत करून सोबत जोडलं आहे. कृपया पानं तपासून पोच द्यावी.

आपले,
आस्थापना शाखा, सर्व टेबलं